दुसरी किल्ली कुणाच्या खिशात?

नवी मोटरसायकल ताब्यात मिळते तेव्हा शोरूममधला माणूस हातावर दोन किल्ल्या ठेवतो. बहुतेक वेळा त्या एकाच कडीत असतात आणि सोबत नंबर कोरलेली छोटी पट्टी असते. हार, पेढे, फोटो, चाकाखाली लिंबू या गडबडीत त्या कडीकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरी आल्यावर एक किल्ली रोजच्या वापरात जाते आणि दुसरी कपाटाच्या खणात पडते. तिथे ती वर्षानुवर्षं सुखरूप असते. पण किल्ली हरवते ती ताम्हिणी घाटात, पाचनईच्या वाटेवरच्या ओढ्यात नाहीतर तारकर्लीच्या वाळूत, आणि कपाट असतं पुण्याला.

म्हणून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो: दुसरी किल्ली बरोबर घ्यायची, पण ठेवायची कुठे? सीटखाली चिकटव, नंबरप्लेटच्या मागे बांध, जॅकेटच्या अस्तरात शिवून घे, बुटात ठेव, पाकिटात ठेव, असे सल्ले येतात. या सगळ्यांत एक जागा क्वचितच येते, आणि माझ्या मते तीच सर्वांत चांगली आहे: बरोबरच्या माणसाचा खिसा. माझी दुसरी किल्ली त्याच्याकडे, त्याची माझ्याकडे. मला हा विषय मोलाचा वाटतो, कारण सुरक्षितता म्हणजे लपवणं अशी आपली समजूत होत चालली आहे, आणि ती किती कच्ची आहे हे या बोटभर धातूच्या तुकड्यावरून चांगलं कळतं.

आधी किल्ली जाते कशी ते पाहू, कारण उपाय त्यावरून ठरतो. पेट्रोल पंप ही माझ्या पाहण्यातली सर्वांत धोक्याची जागा. टाकीचं झाकण उघडायला किल्ली स्विचमधून काढावी लागते. मग झाकण, हातमोजे, फोनवरून पैसे देणं, मागच्याचा हॉर्न, आणि किल्ली कधी टाकीवर राहते, कधी पंपाच्या कठड्यावर. पावसाळ्यात रेनकोटच्या आत, त्याच्या आतल्या पँटच्या खिशात ओला हात घालायचा असतो. रुमाल ओढला की त्याच्याबरोबर किल्ली बाहेर येते आणि चिखलात पडल्याचा आवाजही होत नाही. गडावर जाणाऱ्यांची किल्ली उतरणीला बसून घसरताना जाते. समुद्रावर गेलेल्यांची जाते ती कपडे काढून ठेवले तिथे.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक प्रकार घडतो, त्यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. किल्ली आणि स्विच दोन्ही झिजलेले असले की खड्ड्यांच्या हादऱ्यांनी किल्ली हळूहळू वर सरकते आणि चालत्या गाडीतून गळून पडते. इंजिन मात्र चालूच राहतं, कारण स्विचच्या आतला खटका 'ऑन'वरच असतो. पुढे कुठेतरी चहाला थांबलं, हात स्विचकडे गेला की तिथे नुसतं भोक दिसतं. इंजिन बंद करायचं बटण, म्हणजे किल स्विच, नसेल तर क्लच सोडून गाडी बंद पाडावी लागते, तरी बत्ती आणि बॅटरी चालूच. इथे घरच्या कपाटातल्या किल्लीचा तर काही उपयोग नाहीच, पण मागे फिरून पडलेली किल्ली शोधायची तर किती किलोमीटरचा रस्ता धुंडाळायचा?

किल्ली मोडतेही. हँडल लॉक अडकलं की माणूस जोर लावतो, आणि पात्याचा अर्धा तुकडा आत राहतो. अशा वेळी दुसरी किल्ली असली तरी आधी बारीक चिमट्यानं तो तुकडा काढावा लागतो. म्हणून टूल किटमध्ये टोकदार पक्कड ठेवावी आणि हँडल लॉकमध्ये अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा. जड जुडगा स्विचला लटकत ठेवणंही मला गैर वाटतं. 2014 साली जनरल मोटर्सला सुमारे 26 लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की गुडघ्याच्या धक्क्यानं किंवा जुडग्याच्या वजनानं किल्ली चालत्या गाडीत मागे फिरे, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसे. कंपनीनं नेमलेल्या भरपाई निधीनं 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. मोटरसायकलचा स्विच वेगळा असतो हे खरं, तरी घराची, तिजोरीची आणि ऑफिसच्या टेबलाची किल्ली हँडलच्या मधोमध हिंदकळत ठेवण्याचं काहीच कारण नाही.

आता घरातल्या त्या दुसऱ्या किल्लीकडे येऊ. आपल्याकडे ती खरोखर राखीव असते का? शहरातल्या एकट्या नोकरदाराकडे असेल. पण लाखो घरांत मोटरसायकल एकट्याची नसते. सकाळी ती दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर जाते, मग मुलगा ती कॉलेजला नेतो, संध्याकाळी भाऊ औषधांसाठी तालुक्याला. एक किल्ली दारामागच्या खिळ्याला आणि दुसरी मुलाच्या खिशात असते, आणि दोन्ही वापरात असतात. राखीव म्हणून वेगळी अशी किल्ली त्या घरात नसतेच. जुनी गाडी घेणाऱ्याची अडचण याहून मोठी. त्याला पुष्कळदा एकच किल्ली मिळते, "दुसरी हरवली हो" एवढ्या शब्दांसह. ती खरंच हरवली की कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. जुन्या गाडीचा सौदा करताना टायर आणि चेनसेट पाहणाऱ्यांनी दुसरी किल्ली आधी मागावी. नसेल तर लॉकसेट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, असं मी आग्रहानं सांगतो.

गाडीवरच किल्ली लपवण्याच्या सल्ल्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तो सर्वांत लोकप्रिय आहे. सीटखाली, साइड पॅनेलच्या आत, हेडलाइटच्या वाटीत, टेललाइटच्या मागे, लोहचुंबकाच्या डबीत घालून चॅसीच्या नळीला. सल्ला देणारा प्रत्येक जण ही जागा आपल्यालाच सुचली अशा आनंदात सांगतो. पण मोटरसायकलवर हात जाईल अशा जागा असतात किती? दहा-बारा. ज्या कामगारानं गाडी जोडली, ज्या मेकॅनिकनं ती खोलली आणि ज्या चोरानं अशा कितीतरी गाड्या नेल्या, त्या तिघांनाही त्या जागा आपल्याहून चांगल्या ठाऊक असतात.

लपवण्यावर भरवसा ठेवावा का, हा वाद जुना आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या कंपनीनं 1790 पासून दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं होतं, आणि ते उघडणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस लावलं होतं. साठ वर्षं ते कुणाला उघडता आलं नाही. 1851 च्या लंडनमधल्या भव्य औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. त्यानं आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप उघडलं, मग 16 दिवसांत मिळून 51 तास खपून ब्रामाचंही उघडलं. कुलपांतले दोष असे चारचौघांत दाखवू नयेत, अशी त्याच्यावर टीका झाली. त्याचं उत्तर असं होतं की चोरांना हे सगळं आधीपासून माहीत असतं. माहीत नसतं ते प्रामाणिक माणसांना. पुढे 1883 मध्ये ऑगस्ट केरकॉफ्स या फ्रान्समध्ये शिकवणाऱ्या डच भाषातज्ज्ञानं सैनिकी सांकेतिक लेखनासाठी नियम घालून दिले. त्यांतला एक असा की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुपित राखायचं ते फक्त किल्लीचं. गाडीवर किल्ली लपवणारा नेमकं उलट करतो. किल्लीच तो शत्रूच्या हाताशी ठेवतो आणि सगळी मदार जागा कुणाला सुचणार नाही या आशेवर टाकतो.

यावर एक खरं उत्तर आहे, आणि ते मी डावलत नाही. किल्ली जर अशी बांधली की ती काढायला दोन बोल्ट आणि दहा मिनिटं लागावीत, तर चोराला तिचा फायदा नाही. ज्याच्याकडे पाना आणि दहा मिनिटं आहेत तो किल्लीशिवायही साधी गाडी नेऊ शकतो. हे बरोबर आहे. पण ज्या टूल किटमध्ये तो पाना आहे ते कुठे असतं? बहुतेक गाड्यांत किल्लीनंच उघडणाऱ्या साइड पॅनेलच्या किंवा सीटच्या आत. स्कूटरचं तर याहून सोपं. डिकीत दुसरी किल्ली टाकून निर्धास्त असलेल्या माणसाची पहिली किल्ली एक दिवस सामानाबरोबर डिकीत राहते, सीट दाबलं की खट्कन बंद होतं, आणि दोन्ही किल्ल्या आत.

चिप असलेल्या किल्लीचा प्रकार आणखी वेगळा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते आणि स्विचभोवतीच्या कड्यातला अँटेना ती ओळखतो. ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं. अशा गाडीची दुसरी किल्ली हेडलाइटच्या वाटीत, म्हणजे त्या अँटेनाच्या अगदी जवळ बांधली, तर गाडी ओळख पटली असंच धरून चालू शकते. मग चोराला फक्त दात जुळणारं पातं पुरेसं होतं, आणि ज्या संरक्षणासाठी जास्त पैसे मोजले ते मालकानं स्वतःच्या हातानं काढून टाकलेलं असतं. 2023 च्या जानेवारीत होंडानं अॅक्टिव्हाची 'एच-स्मार्ट' आवृत्ती आणली. अशा गाडीला स्मार्ट किल्ली जवळ असली की पुरे, ती खिशातून काढावीही लागत नाही. तिची जोडकिल्ली डिकीत ठेवली तर ती गाडी जो येईल त्याची.

विम्याचा मुद्दा तर लपवण्याच्या पूर्ण विरोधात जातो. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दाव्याच्या कागदांबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीबरोबरच गेली असेल तर मालकाला खुलासे करत बसावं लागतं. वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी योग्य ती सर्व काळजी मालकानं घ्यावी, अशी अट आपल्या वाहन विम्याच्या करारात असते, आणि किल्ली गाडीवरच होती हे त्या अटीखाली मालकाच्या विरोधात मांडलं जातं. 2023 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका ट्रकचं प्रकरण आलं होतं. चालक पत्ता विचारायला उतरला, किल्ली ट्रकलाच राहिली आणि ट्रक गेला. न्यायालयानं दावा संपूर्ण नाकारणं मान्य केलं नाही, पण पूर्ण रक्कमही दिली नाही; 75 टक्के द्यायला सांगितले. क्षणभर विसरलेल्या किल्लीची ही किंमत असेल, तर विचारपूर्वक गाडीला बांधलेल्या किल्लीबद्दल विमा कंपनी काय म्हणेल याचा अंदाज बांधता येतो.

मग अंगावर ठेवावी का? जुन्या माणसांना याची रीत होती. किल्ली जानव्याला, कनवटीला, कमरेच्या चंचीत, लुगड्याच्या पदराच्या गाठीत. त्या सगळ्या जागांत एक शहाणपण आहे: किल्ली कपड्याच्या खिशात टाकलेली नसून देहाला बांधलेली आहे. आजचा 'जॅकेटचा आतला खिसा' हा सल्ला त्या मानानं कच्चा आहे. जॅकेट ढाब्यावर खुर्चीच्या पाठीला लटकतं, दुपारच्या उन्हात सामानाला बांधलं जातं, गडाच्या पायथ्याशी गाडीवरच राहतं. शिवाय पडल्यावर खिशातली टणक वस्तू इजा करते. मांडीवर पडणाऱ्याच्या खिशातली किल्ली मांडीत रुतते, छातीवरच्या खिशातली बरगडीवर दाबली जाते. म्हणून एकटी किल्ली, कापडी थैलीत, पोटाच्या बाजूला, पँटच्या पट्ट्याच्या आत शिवलेली असावी. पाकीट आणि फोन असतात त्या खिशात तर ती मुळीच नसावी, कारण चोरानं किंवा लाटेनं ते नेलं की सगळंच गेलं.

हा सल्ला देतानाही तो पुरुषाच्या कपड्यांवर बेतलेला आहे हे दिसत राहतं. बायकांच्या कुर्त्याला खिसा नसतो, लेगिंगला नसतो, साडीला तर नसतोच. स्कूटर चालवणाऱ्या बाईची किल्ली पर्समध्ये असते, आणि पर्स खांद्यावर, मांडीवर, पुढच्या हुकला किंवा डिकीत. म्हणजे हिसकावली जाणारी वस्तू आणि किल्ली एकाच ठिकाणी. इतक्या बाया रोज दुचाकीवर कामाला जात असताना त्यांच्या कपड्यांना एक खोल, चेन असलेला खिसा नसावा ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट वाटते. शिंप्याकडून कुर्ता शिवून घेणाऱ्यांनी तरी तो आग्रहानं लावून घ्यावा.

पण अंगावरची जागा कितीही चांगली शोधली तरी एक दोष राहतोच. दोन्ही किल्ल्या एकाच माणसावर असतात, आणि जे त्या माणसावर ओढवतं ते दोन्हींवर ओढवतं. राखीव वस्तूंचं मोल त्या किती आहेत यावरून ठरत नाही. एकाच घावात सगळ्या जातात का, यावरून ठरतं. याचं सर्वांत विदारक उदाहरण 19 जुलै 1989 चं आहे. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या 232 क्रमांकाच्या डीसी-10 विमानात सुकाणू हलवणाऱ्या हायड्रॉलिकच्या तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीतल्या इंजिनाजवळून जात होत्या. त्या इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली, तुकडे उडाले, आणि तिन्ही यंत्रणांतलं तेल वाहून गेलं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. त्यातल्या 296 जणांपैकी 184 वाचले, 112 गेले. एवढ्या हुशार अभियंत्यांना जी गोष्ट त्या दिवसापर्यंत पुरती उमगली नव्हती, ती एका कडीत दोन किल्ल्या घालून फिरणाऱ्याला दोष न देता समजावून सांगायला हवी: संख्या वाढवली म्हणजे आधार वाढला असं होत नाही.

याच कसोटीवर बरोबरच्या माणसाचा खिसा उतरतो. त्याची गाडी वेगळी, त्याचे थांबे बहुतेक तुमच्याबरोबर, पण त्याचं पडणं, भिजणं, विसरणं तुमच्याहून स्वतंत्र. तुमची किल्ली ओढ्यात गेली तेव्हा त्याचीही जाईल असं नाही. गाडी चोरीला गेली तर तुमची दुसरी किल्ली त्याच्याकडे शाबूत असते. आणि एक प्रसंग असा आहे की तिथे इतर सगळ्या जागा हरतात. अपघात झाला, तुम्हाला बेशुद्ध अवस्थेत रुग्णवाहिकेतून नेलं. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी. तुमच्या पट्ट्याच्या आत शिवलेली किल्ली आता रुग्णालयात आहे. दुसरी किल्ली जवळ असलेला सोबती मात्र गाडी उभी करतो, चालण्याजोगी असेल तर पोलिसांना सांगून सुरक्षित जागी नेतो, आणि डिकीतली किंवा साइड पॅनेलमागची कागदपत्रं, औषधं, घरच्यांचा नंबर काढतो.

याला हरकती आहेत. ग्रुप मोठा असतो, लोक पुढेमागे होतात, ज्याच्याकडे किल्ली तो शंभर किलोमीटर पुढे. म्हणून किल्ली पुढे पळणाऱ्याकडे द्यायची नाही. ग्रुपमध्ये सर्वांत मागे चालणारा 'स्वीप' असतो. तो कुणालाही मागे सोडून जात नाही, आणि किल्ल्या एकत्र ठेवायच्याच असतील तर तोच योग्य. पण सगळ्यांच्या किल्ल्या एकाच थैलीत एकाच माणसाकडे दिल्या तर पुन्हा तीच डीसी-10 ची चूक. त्यापेक्षा जोड्या लावाव्यात. दुसरी हरकत मागे बसणाऱ्याची. डबलसीट जाताना किल्ली मागच्याकडे दिली तर दोघं एकाच गाडीवर, एकाच पावसात. हे खरं आहे, तरी दोन वेगळे खिसे आणि दोन वेगळ्या सवयी एका खिशापेक्षा बऱ्याच. तिसरी हरकत विश्वासाची: ग्रुपमध्ये कालपरवा ओळख झालेले लोक असतात, त्यांना गाडीची किल्ली कशी द्यायची? माझं उत्तर असं की ज्याला किल्ली देता येत नाही त्याच्या मागे दाट धुक्यात त्याच्या टेललाइटवर भरवसा ठेवून वरंधा घाटही उतरू नये. आपण त्याच्यावर जीव टाकायला तयार आहोत आणि गाडी टाकायला नाही, हे मला पटत नाही. शिवाय देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे. त्याची किल्ली तुमच्याकडे आहेच.

ही रीत काही नवी नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत घराची दुसरी किल्ली शेजारी असायची. मूल शाळेतून लवकर आलं, पाहुणा गावाहून न सांगता आला, गॅसवर दूध राहिलं, तर शेजारच्या काकू दार उघडत. सोसायट्यांत ती किल्ली आधी वॉचमनकडे गेली, मग पायपुसण्याखाली, मग आकडे दाबून उघडणाऱ्या कुलपात. प्रत्येक पायरीवर सोय वाढल्यासारखी वाटली आणि आपल्या अडचणीत धावून येईल असा एकेक माणूस कमी झाला. गोव्यात मात्र ही रीत व्यवसायात टिकून आहे. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घेतली की पर्यटकाच्या हाती एक किल्ली येते, दुसरी मालकाकडे. किल्ली कळंगुटच्या वाळूत गेली की फोन करायचा, तो किंवा त्याचा मुलगा दुसरी घेऊन येतो. अंतर कमी आणि माणूस ठाऊक असल्यामुळे ही व्यवस्था चालते. गडांच्या पायथ्यालाही ती दिसते. हरिश्चंद्रगडावर जाणारे अनेकजण ज्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवतात तिथेच हेल्मेटं ठेवून वर जातात. दुसरी किल्लीही त्या घरच्या मावशींकडे ठेवावी. खिशातली वर पडली, तरी खाली आल्यावर गाडी आणि जेवण दोन्ही वाट पाहत असतात.

एकट्यानं जाणाऱ्याचं काय? इथे माझ्या आवडत्या उपायाला मर्यादा आहे हे उघड आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पेट्रोल पंपापाशी पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. पुढे सुमारे 4,900 मीटरवरची बारालाचा ला, मग सरचू, पांग, आणि 5,300 मीटरच्या वरची तांगलांग ला. त्या टप्प्यात तंबूतला चहा मिळेल, चावीवाला मिळणार नाही. तिथे एकट्याला दोन्ही किल्ल्या जवळच बाळगाव्या लागतात: एक वापरात, दुसरी पट्ट्याच्या आत शिवलेली, आणि ती रात्री तंबूतही अंगावरच. साध्या गाडीचं वायरिंग 'डायरेक्ट' करून देणारा ट्रकवाला भेटू शकतो, पण हँडल लॉक लागलेलं असेल तर तोही हतबल. म्हणून माणूसवस्ती नसलेल्या पठारावर फोटो काढायला उतरताना हँडल लॉक लावू नये. चिपच्या गाडीला वायरिंग जोडूनही उपयोग नाही. घरून निघताना मात्र एकट्यालाही माणसाची मदत घेता येते. किल्लीबरोबर आलेल्या पट्टीवरचा नंबर घरच्या कुणाकडे लिहून ठेवावा. त्या नंबरावरून कंपनीच्या विक्रेत्याकडून किल्ली मागवता येते. नंबर गाडीबरोबर फिरवण्याची गरज नाही. केटीएमच्या मोठ्या गाड्यांबरोबर येणारी नारंगी किल्ली तर प्रवासात नेऊच नये. ती इतर किल्ल्यांची नोंद करण्यासाठी असते, आणि तीच गेली तर नवी किल्ली करून घेणं फार महागात पडतं.

हा सगळा विचार हौशी प्रवाशांपुरता ठेवला तर मला अपुरा वाटेल. किल्लीचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो घरोघर जेवण आणि सामान पोचवणाऱ्या मुलांसाठी. दिवसभरात त्यांना पुन्हा पुन्हा थांबावं लागतं, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं. त्या घाईत कितीजण किल्ली गाडीलाच ठेवून जिना चढतात हे कुठल्याही इमारतीच्या फाटकाशी उभं राहिलं की दिसतं. गाडी गेली तर हप्ते राहतात आणि रोजगार जातो, आणि विम्याच्या करारातली 'योग्य काळजी' अशा मुलाच्या विरोधात वाचली जाते. त्याला निष्काळजी म्हणणं सोपं आहे. पण किल्ली दिवसभर काढत-घालत राहिलं की ती कुठेतरी पडण्याची शक्यताही तितकीच वाढते, आणि एकुलती किल्ली पडली तर त्या दिवसाची कमाई बुडते. गाडीलाच राहू दे, ही सवय त्या भीतीतूनही येते.

ही मुलं एकेका हॉटेलबाहेर, एकेका नाक्यावर घोळक्यानं थांबलेली असतात. पंक्चर झालं तर एकमेकांची ऑर्डर पोचवतात, पाऊस वाढला की फोन करून विचारपूस करतात. दुसरी किल्ली गावच्या घरी खुंटीला असण्याऐवजी त्या नाक्यावरच्या सोबत्याकडे असली, तर हरवलेल्या किल्लीनं दिवस न जाता पंधरा-वीस मिनिटं जातील. मग प्रत्येक थांब्यावर किल्ली काढून घेणं त्यांना परवडेल. त्यासाठी यंत्र लागत नाही, अॅप लागत नाही. कंपन्या या मुलांना कामावर घेताना जे पहिलं प्रशिक्षण देतात त्यात हे सांगायला पाच मिनिटं पुरतील, आणि शोरूमवाल्यानं हातावर ठेवताना त्या दोन किल्ल्या एका कडीत न घालता वेगवेगळ्या द्याव्यात, दुसरी कुणाकडे ठेवणार असं गिऱ्हाइकाला तिथेच विचारावं.